हृदयविकार : रक्तवाहिनीची भिंत आणि समाजाची भिंत

हृदयविकार हा पोट भरलेल्यांचा रोग आहे, ही समजूत आपल्या वस्त्यांत अजून घट्ट आहे. तूप खाणारा, गादीवर बसणारा, मोटारीतून हिंडणारा माणूस छाती धरून कोसळतो; ज्याच्या भाकरीला तेलाचे बोट लागत नाही, जो दिवसभर घमेली उचलतो, त्याला हा रोग कशाला होईल, असे विचारले जाते. या समजुतीत एक कडवट समाधानही आहे. निदान हा एक रोग तरी त्यांचा आहे, आपला नाही! पण हे समाधान खोटे आहे आणि ते जिवावर बेतते. छातीत कळ आली की 'गॅस असेल', 'ओझे उचलले म्हणून भरून आले असेल' असे म्हणत ओवा नाहीतर सोडा घेऊन पडून राहणारी माणसे आपलीच असतात.

मी महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. मुंबई-गोवा महामार्गालगतच्या पेणच्या रामवाडीत माझे जाणे-येणे आहे. घराण्यातला पहिला पदवीधर असल्यामुळे औषधाच्या चिठ्ठ्या आणि तपासणीचे कागद वाचून दाखवण्याचे काम न मागता माझ्याकडे आले. 'सर, यात काय लिहिलंय तेवढं सांगा,' असे म्हणून कागद पुढे केला जातो. त्या कागदांवर तीन शब्द वारंवार येतात : ब्लॉकेज, कोलेस्टेरॉल आणि सी.आर.पी. पहिले दोन लोकांच्या कानावरून गेलेले असतात. तिसरा २०२०-२१ च्या करोना साथीत घराघरांत पोचला, पण त्याचा हृदयाशी काय संबंध, हे कुणी सांगितलेले नसते. तो संबंध उलगडून सांगणे हा या लेखाचा हेतू आहे. कारण तो समजला की हा रोग कुणाचा, या प्रश्नाचे उत्तरही बदलते.

१. नळ आणि गाळ

हृदयविकाराची जी कल्पना सर्वत्र रूढ आहे ती नळाची आहे. रक्तवाहिनी म्हणजे नळ, चरबी म्हणजे गाळ; गाळ साचत गेला, नळ तुंबला, हृदयाचे पाणी तोडले. ही कल्पना सोपी आहे, पण अपुरी आहे. हृदयाचा झटका आलेल्या कितीतरी रुग्णांचे कोलेस्टेरॉल फारसे वाढलेले नसते. शिवाय कालपर्यंत जिना चढणारा, ओझे वाहणारा माणूस आज अचानक कोसळतो. गाळाने हळूहळू नळ बुजत असता तर त्याचा श्वास हळूहळू कोंडला असता. म्हणजे हळूहळू साचण्याखेरीज आत आणखी काहीतरी घडत असले पाहिजे.

घडते ते भिंतीत. रक्तवाहिनी हा निर्जीव नळ नाही. तिच्या आतल्या अंगाला पेशींचा एकपदरी थर असतो. त्याला अंतःस्तर म्हणू. हा थर जिवंत आहे. तो रक्ताचा दाब ओळखतो, रक्तवाहिनी सैल किंवा आवळ करतो, आणि निरोगी असताना इतका गुळगुळीत असतो की रक्तातील कोणतीही पेशी त्यावर ठरत नाही. हृदयविकाराची सुरुवात हा गुळगुळीतपणा जाण्यापासून होते.

ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातच एकाने ओळखली होती. रुडॉल्फ व्हिर्शो हा जर्मन वैद्य. १८४८ साली प्रशियाच्या सरकारने त्याला वरच्या सायलेशिया प्रांतात टायफसच्या साथीची चौकशी करायला पाठवले. त्याने अहवाल दिला तो औषधांचा नव्हता. या कंगाल लोकांना शिक्षण, स्वातंत्र्य आणि पोटभर अन्न द्या, म्हणजे साथ हटेल, असे त्याने सरकारला बजावले. पुढे १८५० नंतरच्या दशकात याच माणसाने मृतांच्या धमन्या तपासून सांगितले की, धमनीतील हा विकार म्हणजे नुसती चरबी साचणे नव्हे, तो भिंतीचा दाह आहे. १९१३ मध्ये रशियात निकोलाय अनिच्कोव्ह याने सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून धमन्यांत तसाच विकार निर्माण केला, आणि मग चरबीचीच चर्चा अधिक झाली. चरबीचा सिद्धान्त खोटा नव्हता, अर्धा होता. अमेरिकेतील रसेल रॉस याने १९७० नंतरच्या दशकात भिंतीच्या इजेचा सिद्धान्त मांडला आणि १९९९ मध्ये हा रोग दाहाचाच आहे असे स्पष्ट लिहिले, तेव्हा व्हिर्शोचे म्हणणे नव्या पुराव्यानिशी परत आले.

२. पांढरी पेशी भिंतीला कशी चिकटते

दाह म्हणजे काय हे सर्वांना अनुभवाने ठाऊक आहे. पायात बाभळीचा काटा मोडला की दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. रक्तातील पांढऱ्या पेशी तिथे धावून गेलेल्या असतात. पण रक्त तर नदीसारखे वाहत असते. वाहत्या रक्तातील पेशी नेमकी काट्याच्या जागी थांबते कशी आणि बाहेर पडते कशी?

१८६७ साली युलिउस कोनहाइम याने बेडकाच्या जिभेतील आणि आतड्याच्या पडद्यातील बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. इजा झालेल्या जागी पांढऱ्या पेशी कडेला येतात, भिंतीवरून लोळत जातात, थांबतात, आणि भिंतीतून वाट काढून बाहेर जातात, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. त्यामागचे रसायन समजायला आणखी सव्वाशे वर्षे लागली. आज आपल्याला त्याच्या पायऱ्या माहीत आहेत.

पहिली पायरी लोळण्याची. जवळपास इजा झाली की अंतःस्तराच्या पेशी आपल्या अंगावर सिलेक्टिन नावाची प्रथिने उभी करतात. पांढऱ्या पेशीच्या अंगावर साखरेच्या कणांची एक विशिष्ट साखळी असते, ती या सिलेक्टिनमध्ये अडकते. पकड सैल असते. म्हणून पेशी थांबत नाही, पण तिचा वेग मंदावतो. दुसरी पायरी निरोपाची. भिंतीवरून रासायनिक निरोप मिळतो आणि पेशीच्या अंगावरील इंटिग्रिन नावाचे हात ताठ होतात. तिसरी पायरी चिकटण्याची. हे हात भिंतीवरील खुंट्या पकडतात. त्या खुंट्यांना शास्त्रात आयकॅम आणि व्हीकॅम अशी नावे आहेत. आता पेशी घट्ट बसते. चौथी पायरी शिरण्याची. दोन पेशींच्या फटीतून अंग चोरून ती भिंतीत उतरते.

काट्याच्या जागी हे घडते तेव्हा आपण वाचतो. हृदयाच्या धमनीत हेच विनाकारण आणि वर्षानुवर्षे घडत राहिले तर आपण मरतो. रक्तातील चरबीचे कण अंतःस्तराखाली शिरतात, तिथे अडकतात आणि बिघडतात. भिंत त्याला इजा समजते आणि खुंट्या उभ्या करते. मायरन सिबुल्स्की आणि मायकेल गिम्ब्रोन यांनी १९९१ मध्ये सशांच्या धमनीत, विकाराच्या अगदी सुरुवातीलाच, व्हीकॅम उगवल्याचे दाखवले. त्या खुंटीला धरून मोनोसाइट जातीच्या पांढऱ्या पेशी आत उतरतात, भक्षक पेशी बनतात आणि ती बिघडलेली चरबी खात सुटतात. खाऊन खाऊन त्या इतक्या फुगतात की सूक्ष्मदर्शकाखाली फेसासारख्या दिसतात. मग त्या तिथेच मरतात. त्यांच्या मरणाने दाह आणखी वाढतो, आणखी पेशी बोलावल्या जातात. साफसफाईला आलेले त्याच ढिगाऱ्यात गाडले जातात. या ढिगाऱ्यावर शरीर तंतूंचे एक झाकण घालते. त्यालाच डॉक्टर प्लाक म्हणतात.

पुढचे समजावणे पेणच्या खारेपाटात सोपे जाते. खाडीचे पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला बांध फुटला की आपण खांड पडली म्हणतो. बांध एका रात्रीत फुटल्यासारखा दिसतो; पण त्या जागी खेकड्यांनी आधीच बिळे केलेली असतात, माती आतून पोकळ झालेली असते, उधाण फक्त निमित्त होते. प्लाकचेही तसेच आहे. आतल्या भक्षक पेशी झाकणाचे तंतू विरघळवणारी द्रव्ये सोडतात. झाकण पातळ होते आणि एके दिवशी फाटते. आतला माल रक्ताला लागताच रक्त गोठते आणि काही मिनिटांत धमनी बंद होते. म्हणून कालपर्यंत धडधाकट असलेला माणूस आज कोसळतो. त्याची धमनी काल अर्धीच भरलेली असेल. पण तिचा बांध आतून पोखरलेला होता.

३. चिकटणे हा गुन्हा नव्हे

हे वाचून कुणाला वाटेल की, पांढऱ्या पेशींचे हे चिकटणेच बंद करून टाकावे. त्याचे उत्तर एका मुंबईच्या शोधाशी जोडलेले आहे.

१९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रक्त सापडले, जे कोणत्याही ज्ञात गटाच्या रक्ताशी जुळेना. ओ गटाचेही त्याला चालेना. त्या गटाला जगाने 'बॉम्बे ब्लड ग्रुप' हे नाव दिले. तांबड्या पेशींच्या अंगावर साखरेचा जो पायाभूत अंश सर्वांच्या असतो, तो या लोकांच्या नसतो. भारतात अशी माणसे साधारणपणे दहा हजारांत एक असल्याचे सांगतात. ही माणसे निरोगी असतात. अडचण येते ती फक्त रक्त घेण्याच्या वेळी, कारण त्यांना त्यांच्याच गटाचे रक्त चालते.

याच्या चाळीस वर्षांनी, १९९२ मध्ये, इस्रायलमधील दोन मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना सतत जंतुसंसर्ग होत होता, आणि त्यांचा रक्तगट बॉम्बे होता. शोधांती दिसले की या मुलांच्या शरीरात फ्यूकोज ही साखर पेशींच्या अंगावर बसवण्याची क्रियाच बिघडलेली होती. त्यामुळे तांबड्या पेशींवरचा अंश तर गेलाच, पण सिलेक्टिनला अडकणारी पांढऱ्या पेशींवरील साखळीही गेली. पेशी होत्या, रक्तात भरपूर होत्या, पण भिंतीवर लोळू शकत नव्हत्या; म्हणून जंतूंपर्यंत पोचत नव्हत्या. साध्या बॉम्बे गटाच्या माणसात हा दोष नसतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

या विकाराचा दुसरा प्रकार इंटिग्रिनचे हात नसण्याचा आहे. अशा बाळाची नाळ पडायला तीन-चार आठवडे किंवा अधिक लागतात, जखमेत पू होत नाही, आणि रक्तात पांढऱ्या पेशी मात्र प्रचंड असतात. परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत अशा मुलांचे निदान आणि अभ्यास होतो. ही संस्था १९५७ मध्ये रक्तगटांच्या संदर्भ केंद्राच्या रूपाने सुरू झाली. आपल्या वस्तीत एखाद्या बाळाची नाळ महिना होत आला तरी पडत नसेल, तर अंगारा-धुपाऱ्यात वेळ न घालवता बालरोगतज्ज्ञाला दाखवावे, एवढे तरी या माहितीतून घेण्यासारखे आहे.

मुद्दा असा की, पांढऱ्या पेशीचे चिकटणे ही आपली संरक्षणव्यवस्था आहे. ती नसेल तर मूल लहानपणी दगावते. दोष पेशीचा नाही. खोटा धोका सतत उभा करणाऱ्या परिस्थितीचा आहे.

४. भिंत कोण चिकट करते

ही परिस्थिती कशाची बनलेली असते? रक्तातील जादा चरबी, वाढलेला रक्तदाब, वाढलेली साखर, तंबाखू, धूर, हिरड्यांसारखा जुनाट संसर्ग आणि न संपणारा मानसिक ताण. यातले प्रत्येक कारण अंतःस्तराला डिवचते आणि खुंट्या उभ्या करते. धमनी जिथे वळते किंवा फुटून दोन होते, तिथे रक्ताच्या प्रवाहाला भोवरे पडतात; त्या जागा आधीच हळव्या असतात आणि प्लाक तिथेच जास्त धरतो.

आता ही यादी घेऊन आपल्या भागात फिरा. वीटभट्टीवर कातकरी कुटुंबे पावसाळा संपल्यावर जातात आणि भट्टीच्या धुरात सहा-सात महिने काढतात. घरात ओल्या लाकडाची चूल आहे, तिच्यापुढे बाई रोज काही तास बसते. धुराचे अतिसूक्ष्म कण फुफ्फुसातून थेट रक्ताच्या दाराशी पोचतात आणि सगळ्या शरीरात दाह चेतवतात. बिडी हा श्रमाच्या मध्ये मिळणारा एकमेव विसावा आहे. मशेरी लावल्याशिवाय कितीतरी बायांचा दिवस सुरू होत नाही. तिने दात-हिरड्या खराब होतात, तोंडाच्या कर्करोगाचे भय राहते आणि निकोटिन रक्तात जाते. रक्तदाबाची गोळी सुरू झाली तरी मजुरी बुडवून ती आणायला कोण जाणार, म्हणून ती महिन्याभरात बंद पडते. इथे तूप कुठेच नाही, आणि रोगाची कारणे मात्र बहुतेक सगळी आहेत.

पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम या संदर्भात प्रत्येक कार्यकर्त्याने माहीत करून घ्यावे. के.ई.एम. रुग्णालय, पुणे यांच्या वतीने त्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि बालकांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्मतःचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, इंग्लंडमधील बाळांचे सुमारे साडेतीन किलो. पण आपली बाळे सर्व बाजूंनी सारखी लहान नव्हती. स्नायू कमी, पोटातील अवयव लहान, आणि चरबी मात्र राखलेली. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार. आईची उपासमार बाळाच्या शरीराच्या बांधणीत उतरते आणि पुढे मधुमेहाची व हृदयविकाराची वाट तयार करते. याच गटाने २००८ मध्ये पुणे परिसरातील खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि मध्यमवर्गीय वस्तीतले पुरुष यांची तुलना प्रसिद्ध केली. खेड्याकडून शहराकडे जाताना शरीरातील चरबी आणि रक्तातील दाहाच्या खुणा वाढलेल्या आढळल्या. म्हणजे पोटात असताना उपाशी राहिलेला माणूस शहरात येऊन बैठे काम आणि वडापाव यांच्या तावडीत सापडला की दोन्हीकडून भरडला जातो. आपल्या पहिल्या शिकलेल्या पिढीने, म्हणजे माझ्या पिढीनेच, हे विशेष लक्षात घ्यायला हवे. बाबासाहेबांचे अखेरचे दशक मधुमेहाशी झुंजण्यात गेले, हे आपण विसरता कामा नये.

आणि ताण? त्याबद्दल बोलताना सैलपणा नको. अपमानाने मन जळते हे आपल्या साहित्याने सांगितले आहे; धमनीही जळते काय, हा शास्त्राचा प्रश्न आहे. लंडनच्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. यात कुणी उपाशी नव्हते, कुणी बेकार नव्हते. तरी सर्वांत खालच्या श्रेणीतील माणसांचे हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या तिपटीहून अधिक निघाले. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब वजा केल्यावरही मोठा फरक शिल्लक राहिला. उतरंडीतील जागा हीच रोगाचे एक कारण ठरते, असे त्यातून दिसले. ते शरीरात कसे उतरते, याचा एक धागा २०१४ मध्ये हाती आला. अमेरिकेतील संशोधकांनी अतिदक्षता विभागात राबणाऱ्या निवासी डॉक्टरांचे रक्त तपासले, तेव्हा कामाच्या ताणाच्या काळात पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या. उंदरांवरील प्रयोगात ताणाने अस्थिमज्जा अधिक पेशी बनवते आणि त्या प्लाकमध्ये जाऊन दाह वाढवतात, असे आढळले. जातीच्या अपमानाला याच मापाने मोजण्याचे काम आपल्या देशात नेटाने व्हायला हवे, आणि ते आपल्यातून शिकून वर गेलेल्या मुलामुलींनी हाती घ्यायला हवे.

५. गरिबाच्या मुलाचा हृदयविकार

पांढऱ्या पेशी चिकटण्यातून होणारा हृदयाचा आणखी एक रोग आहे आणि तो तर उघडउघड दारिद्र्याचा आहे. त्याचे नाव संधिवाताचा ताप, आणि त्यातून येणारा हृदयाच्या झडपांचा विकार. एका खोलीत सात-आठ माणसे दाटीने राहतात, एका मुलाचा घसा स्ट्रेप्टोकोकस जंतूने सुजतो, तो सर्वांना लागतो. दोन-तीन आठवड्यांनी एखाद्या मुलाचे सांधे सुजतात, ताप येतो. जंतूशी लढायला तयार झालेली प्रतिकारशक्ती आता हृदयाच्या झडपांनाच जंतू समजू लागते. झडपेच्या अंतःस्तरावर तीच व्हीकॅमची खुंटी उगवते, तिला धरून पांढऱ्या पेशी झडपेत शिरतात आणि तिला आखडून टाकतात. पुढे विशीत, बहुधा पहिल्या बाळंतपणात, मुलगी धापा टाकू लागते, तेव्हा रोग कळतो.

श्रीमंत देशांत हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. घरे मोठी झाली, दाटी कमी झाली आणि पेनिसिलिन आले. ते स्वस्त आहे. घसादुखीवर वेळीच पेनिसिलिन दिले तर हा ताप टळतो. एकदा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे दिले तर झडप वाचते. शाळेतील शिक्षकांनी एवढे लक्षात ठेवावे : ताप येऊन ज्या मुलाचे मोठे सांधे एकामागून एक सुजतात, त्याचे हृदय डॉक्टरकडून तपासून घेतले पाहिजे.

६. मरणातील विषमता

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. हा रोग कुणाचा? रोगाची यंत्रणा जात ओळखत नाही. सिलेक्टिनला आडनाव कळत नाही. पण रोग झाल्यावर कोण जगतो आणि कोण मरतो, याचे आकडे आहेत.

२००८ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात भारतातील ५० शहरांतील ८९ रुग्णालयांत हृदयविकाराचा झटका येऊन दाखल झालेल्या वीस हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीस दिवसांच्या आत मरण पावलेल्यांचे प्रमाण श्रीमंतांत ५.५ टक्के होते, गरिबांत ८.२ टक्के. संशोधकांनी पुढे विचारले की, हा फरक कशामुळे? वय, तंबाखू, मधुमेह वगैरे गोष्टींचा हिशेब जमेस धरला तरी फरक उरला. मिळालेल्या उपचारांचा हिशेब धरताच तो नाहीसा झाला. याचा अर्थ उघड आहे. गरीब माणूस दुबळ्या हृदयामुळे जास्त मेला नाही. उपचार कमी मिळाले म्हणून जास्त मेला.

अनेक देशांत चाललेल्या, भारताचाही समावेश असलेल्या 'प्युअर' अभ्यासाने २०१९ मध्ये हेच वेगळ्या वाटेने दाखवले. गरीब देशांत कमी शिकलेल्या लोकांत धोक्याची कारणे शिकलेल्यांपेक्षा काहीशी कमीच होती. तरी हृदयविकार आणि त्याने येणारे मरण त्यांच्यातच जास्त होते, आणि औषधोपचार त्यांना कमी मिळत होता. 'तुम्ही बिडी ओढता, म्हणून मरता' असा उपदेश करून मोकळे होणाऱ्यांनी हा आकडा आधी समोर ठेवावा. बिडी सोडलीच पाहिजे. पण बिडी सोडल्याने तालुक्याच्या रुग्णालयात हृदयाचा आलेख काढणारे यंत्र येत नाही.

७. दाहावर औषध

हा रोग दाहाचा असेल तर दाह कमी करून तो रोखता येईल का? २०१७ मध्ये याची मोठी कसोटी झाली. पूर्वी झटका येऊन गेलेल्या आणि सी.आर.पी. वाढलेल्या सुमारे दहा हजार रुग्णांत कॅनाकिनुमॅब हे दाहाचा एक निरोप अडवणारे इंजेक्शन दिले गेले. कोलेस्टेरॉल जराही न उतरता पुढचे झटके वगैरे सुमारे १५ टक्क्यांनी घटले. व्हिर्शोचे म्हणणे माणसात सिद्ध झाले. पण हे इंजेक्शन अतिशय महाग आहे आणि त्याने जीवघेणे संसर्ग वाढले. संरक्षणव्यवस्थेला हात लावण्याची ती किंमत होती. मेथोट्रेक्सेट या दुसऱ्या औषधाचा मात्र उपयोग झाला नाही.

मग लक्ष गेले कोल्चिसिन या गाऊटवरच्या जुन्या, स्वस्त गोळीकडे. २०१९ आणि २०२० च्या दोन मोठ्या चाचण्यांत तिने हृदयविकाराच्या घटना कमी केल्या, तर २०२४ च्या सात हजारांवर रुग्णांच्या चाचणीत फायदा दिसला नाही. वाद अजून चालू आहे. हे द्रव्य आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतही असते. म्हणून कुणी कंद उगाळून घेण्याचे वेड करू नये. कळलावी हे जालीम विष आहे आणि औषध व विष यांत इथे फार थोडे अंतर आहे.

गरिबाच्या कामाची औषधे जुनीच आहेत. रक्तदाबाच्या गोळ्या, मधुमेहाची औषधे, आणि स्टॅटिन, जे कोलेस्टेरॉल उतरवते आणि दाहही कमी करते. झटका येऊन गेलेल्यांना ॲस्पिरिन. ही सगळी जेनेरिक स्वरूपात स्वस्त आहेत. प्रश्न ती शोधण्याचा नाही, दर महिन्याला हातात पडण्याचा आहे.

८. आपले काम

कार्यकर्ते, शिक्षक आणि विद्यार्थी यांनी चार गोष्टी वस्तीत नेल्या पाहिजेत. छातीत दाब किंवा आवळल्यासारखे वाटणे, ते डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाणे, गार घाम सुटणे. बायांत आणि मधुमेह असलेल्यांत नुसती धाप, मळमळ किंवा अचानक गळाठा येणे, ही लक्षणे दिसताच १०८ ला फोन करावा आणि हृदयाचा आलेख जिथे निघतो तिथे पोचावे. पहिल्या काही तासांत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मिळाले तर हृदयाचा स्नायू वाचतो. रात्रभर वाट पाहिली तर तो मरतो. तिशीनंतर प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासली जावी. सुरू झालेली गोळी बरे वाटले म्हणून थांबवू नये. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हृदयाच्या अनेक शस्त्रक्रिया आणि अँजिओप्लास्टी होतात. त्यासाठी लागणारी कागदपत्रे आजारपण येण्याआधी तयार ठेवावीत. जोतीरावांचे नाव लावलेली योजना आपल्या माणसाला कागद नाही म्हणून नाकारली जावी, याहून मोठी विटंबना नाही.

पण एवढ्यावर थांबणे म्हणजे सगळा भार पुन्हा एकट्या रुग्णाच्या खांद्यावर टाकणे होईल. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात चोवीस तास आलेख निघाला पाहिजे, गुठळी विरघळवणारे औषध असले पाहिजे, प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाची गोळी संपता कामा नये, भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाला तिथेही ती मिळाली पाहिजे, चूल धुराविना पेटली पाहिजे. ही मागणी दयेची नाही. १९२७ साली याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, महाडला बाबासाहेबांनी सार्वजनिक तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते तहान लागली म्हणून नव्हे. सार्वजनिक म्हटलेली गोष्ट सर्वांची असते, हे ठरवण्यासाठी घेतले. सार्वजनिक रुग्णालयाच्या बाबतीत ते ठरायचे अजून बाकी आहे.